डिस्म : दहाव्या पेंढीपासून दहा सेंटांपर्यंत

वेताळटेकडी

अमेरिकेच्या दहा सेंटांच्या नाण्यावर दहा हा आकडा कुठेच सापडत नाही. त्यावर फक्त 'वन डाइम' असं लिहिलेलं असतं. डाइम म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते नाणं कितीचं हे दुसऱ्याला विचारावं लागतं. हा डाइम म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडमधला 'डिस्म'. आणि डिस्म म्हणजे शेतकऱ्याच्या पिकातून चर्चने घ्यायचा दहावा हिस्सा. या एका शब्दाच्या मागे लागलं की धान्याच्या राशी, राजांच्या लढाया, गणित आणि टांकसाळ एकाच वाटेवर भेटतात, म्हणून हा धागा.

मूळ लॅटिनमधलं 'डेसिमा', म्हणजे दहावा भाग. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'डिस्म' झालं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच झाली आणि तिच्याबरोबर हा शब्द तिकडे गेला. इंग्लंडकडे स्वतःचा शब्द आधीपासून होताच : टाइद. तोही 'दहावा' याच अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आला आहे. पुढे बराच काळ दोन्ही शब्द शेजारी नांदले. १४व्या शतकात लँगलंड या कवीने सरदारांना सांगितलं की बिशपांच्या जमिनी काढून घ्या आणि त्यांना 'डाइम्स'वर जगू द्या. त्याचं म्हणणं असं, की दहावा हिस्सा मिळत असताना धर्मगुरूंना जहागिरी कशाला हव्यात?

हा हिस्सा सुरुवातीला धार्मिक कर्तव्य होता. आधार बायबलचा. लेवीयाच्या पुस्तकात जमिनीचं उत्पन्न आणि काठीखालून जाणारं दर दहावं जनावर देवाचं, असं सांगितलं आहे. पण कर्तव्याचा कायदा झाला की काय होतं, ते १०व्या शतकातल्या राजा एडगरच्या कायद्यात दिसतं. दहावा हिस्सा न देणाऱ्याकडे राजाचा कारभारी, बिशपचा कारभारी आणि गावचा धर्मगुरू असे तिघे जात. ते चर्चचा दहावा हिस्सा मालकाला न विचारता उचलत. उरलेल्या नऊ हिश्श्यांपैकी एकच त्या शेतकऱ्याला ठेवत. बाकीच्या आठांतले चार जमीनदाराला आणि चार बिशपला. एक हिस्सा दिला नाही म्हणून नऊ गेले. मला या साऱ्या इतिहासात यापेक्षा बोलकं कलम दुसरं मिळालं नाही.

वसुली कशी चाले हे समजल्याशिवाय शब्दाचं वजन कळत नाही. कापणी झाली की शेतात दर दहावी पेंढी बाजूला ठेवायची, तिच्यावर खूण करायची. धर्मगुरूचा माणूस येऊन मोजून जाईपर्यंत बाकीचं पीक हलवता यायचं नाही. आभाळ भरून आलेलं, गवत वाळून तयार, आणि माणसाचा पत्ता नाही, यावरून गावोगाव भांडणं होत. धान्य, गवत, लाकूड हा 'मोठा' दशमांश, तो रेक्टरचा, म्हणजे चर्चच्या मुख्य उत्पन्नाचा हक्क असलेल्या धर्मगुरूचा किंवा मठाचा. लोकर, कोकरं, दूध, अंडी, फळं हा 'छोटा' दशमांश, तो व्हिकारचा, म्हणजे रेक्टरच्या जागी गावात काम पाहणाऱ्या धर्मगुरूचा. अनेक गावांत दर दहाव्या दिवसाचं सगळं दूध द्यायची रीत होती. कोकरं सातच झाली तर? कित्येक ठिकाणी धर्मगुरू सातवं कोकरू घेई आणि कमी पडलेल्या तिघांबद्दल थोडे पैसे परत देई. इतका बारीक हिशोब.

आणि हा दहावा हिस्सा नफ्याचा नव्हता, सगळ्या पिकाचा होता. तेव्हा गहू पेरणीच्या चौपट आला तरी बरं पीक समजत. म्हणजे शंभर पोती झाली तर पंचवीस पुढच्या बियाण्याची. दशमांशाची दहा पोती मात्र शंभरावर. प्रत्यक्षात ती पंचाहत्तरातून जात, म्हणजे शेकडा तेराहून जास्त. शिवाय खंड वेगळा. ज्याने खत घातलं, चर खणून पाणी काढलं, त्याच्या वाढलेल्या पिकातही चर्चचा तेवढाच वाटा, खर्चात मात्र शून्य. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये या करावर हाच आक्षेप घेतला होता.

चर्चचा दहावा हिस्सा पाहून राजांनाही तोच आकडा आवडला. जेरुसलेम सुलतान सलाउद्दीनच्या हाती गेल्यावर, ते परत घेण्याच्या लढाईसाठी ११८८ मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीने लोकांच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा दहावा भाग मागितला. स्वतः लढाईला जाईल त्याला माफी. याला 'सलाउद्दीन दशमांश' म्हणतात. पुढे पार्लमेंट राजाला जो कर मंजूर करी त्यातही हाच शब्द आला : शहरांकडून 'डिस्म', म्हणजे दहावा, आणि खेड्यांकडून पंधरावा. १३३४ मध्ये प्रत्येक गावाची रक्कमच ठरवून टाकली, तेव्हापासून 'दहावा' हे नुसतं नाव राहिलं.

शेक्सपिअरच्या 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा' या नाटकात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर लढाईत मेलेल्यांबद्दल बोलतो, तिथे एकाच ओळीत टाइद आणि डिस्म दोन्ही आले आहेत. दशमांशात गेलेला हरेक जीव, हजारो डिस्मांमधला, जिच्यासाठी युद्ध पेटलं त्या हेलनइतकाच प्रिय होता, असा त्याचा रोख. माणसांची कापणी आणि देवाने घेतलेली दहावी पेंढी, हे चित्र प्रेक्षकांना समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या शेतात ते दरवर्षी घडत होतं.

डिस्म गणितात आणि नाण्यावर कसा गेला ते जाणकारांनी सांगावं, इथे नाणी जमवणारेही आहेत आणि गणित शिकवणारेही.

शिवारातली_सई

फार आवडलं. दहावी पेंढी वाचून आमच्याकडचं बलुतं आठवलं. आजोबा सांगायचे, खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, गुरव, न्हावी सगळे येऊन उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या नावाने पेंढ्या निघायच्या. हे त्यातलंच म्हणायचं का?

वेताळटेकडी

सईताई, माल खळ्यावरून जाणं सारखंच. पण सुताराने वर्षभर नांगर दुरुस्त केलेला असे, लोहाराने फाळ शेवटलेला असे. तिथे देणाराला घेणारा रोज दिसत होता. (बलुत्यात सगळ्यांना सारखा मान आणि सारखं माप मिळत होतं असं मात्र कुणी समजू नये. महारांच्या वाट्याला काय आलं हे आपल्याला माहीत आहे.) इंग्लंडमध्ये घेणारा गावातला धर्मगुरू असेपर्यंत थोडंफार तसंच होतं. पण कित्येक गावांचा मोठा दशमांश दूरच्या मठांकडे वळवलेला असे. १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीने मठ मोडले, तेव्हा हे हक्कही त्यांच्या जमिनींबरोबर सरदार-सावकारांना विकले गेले. आता दहावी पेंढी अशा माणसाच्या कोठारात जाऊ लागली ज्याने कधी प्रार्थना म्हटली नाही की प्रेत पुरलं नाही. माझ्या मते या पद्धतीचा नैतिक आधार तिथेच संपला. वसुली त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं तशीच चालली.

गणित_मास्तर

माझा भाग मी सांगतो. सिमॉन स्टेव्हिन हा ब्रुजचा माणूस, हिशोबनीस आणि इंजिनियर. १५८५ मध्ये लायडनला त्याने डच भाषेत एक छोटी पुस्तिका छापली, 'डी थीन्द', म्हणजे 'दहावा'. त्याच वर्षी फ्रेंचमध्ये आली, 'ला डिस्म'. १६०८ मध्ये रॉबर्ट नॉर्टनने ती इंग्रजीत आणली आणि नाव ठेवलं 'डिस्म : दहाव्यांची कला'. त्या काळच्या वाचकाला शीर्षक पाहून आधी चर्चचा दशमांशच आठवला असणार.

पुस्तिकेत काय आहे? एकाचे दहा भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा दहा, असं करत गेलं तर अपूर्णांकांची सगळी गणितं पूर्णांकांसारखी करता येतात. छेद नको, लसावि नको. चिन्हं अवघड होती, प्रत्येक अंकापाशी वर्तुळात ०, १, २, ३ असं लिहून तो कितव्या स्थानाचा ते दाखवायचं. आजचा दशांशचिन्हाचा टिंब नंतर आला. दशांश अपूर्णांक स्टेव्हिनने शोधले असं म्हणू नये. अरब आणि इराणी गणित्यांनी ते त्याच्या कितीतरी आधी वापरले होते, १५व्या शतकात समरकंदला अल-काशीने तर फार सफाईने. स्टेव्हिनचं मोठेपण असं की त्याने ते पंडितांसाठी लिहिले नाहीत. खगोलवाले, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूची पिंपं मोजणारे, टांकसाळीचे अधिकारी यांना उद्देशून लिहिले. आणि शेवटी सरळ मागणी केली की वजनं, मापं, नाणी सगळी दहाच्या पटीत करा. आपल्याकडे ती १ एप्रिल १९५७ ला नाण्यांपुरती पूर्ण झाली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले. वर्गात दशांश शिकवताना मी मुलांना स्टेव्हिनचं नाव नेहमी सांगतो.

नाणेघाट

मास्तर, धागा तुम्ही माझ्या दारात आणून सोडलात.

अमेरिकेत स्वातंत्र्यानंतर स्पॅनिश डॉलर चालत होता, आणि त्याचे व्यवहारात आठ भाग पडत. जेफरसनने दहाच्या पटीचा आग्रह धरला. १७८६ मध्ये तिथल्या काँग्रेसने मिल, सेंट, डाइम, डॉलर ही नावं ठरवली. २ एप्रिल १७९२ च्या नाणे कायद्यात मात्र स्पेलिंग जुनं आहे, 'डिस्म'. त्याच वर्षी जुलैत फिलाडेल्फियात टांकसाळीची इमारत तयार नव्हती म्हणून एका करवत बनवणाऱ्याच्या तळघरात चांदीची सुमारे १५०० नाणी पाडली. त्यांच्यावर 'हाफ डिस्म' असं कोरलेलं आहे. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनने काँग्रेसपुढच्या भाषणात या अर्ध्या डिस्मांचा उल्लेख करून नाणी पाडायला छोटी सुरुवात झाली असं सांगितलं.

नेहमीचा डाइम १७९६ पासून. पहिल्या डाइमवर किंमत लिहिलेलीच नव्हती. १८०९ पासून '१० सेंट' अशी खूण आली आणि १८३७ मध्ये ती जाऊन 'वन डाइम' हे शब्द आले. ते आजतागायत. स्पेलिंगमधला 'स' तेव्हा उच्चारला जात नसावा असं मानतात, त्यामुळे तो गळाला तरी बोलण्यात फारसं काही बदललं नसावं.

हाफ डिस्म लिलावात येतो तेव्हा किंमत ऐकून छाती दडपते. मी फक्त छायाचित्रं जमवली आहेत. पण त्यावरचं ते जुनं स्पेलिंग पाहिलं की फार आनंद होतो.

उत्तरा_न्यूजर्सी

इथे इतकी वर्षं राहून हे माहीत नव्हतं! माझ्या मुलाला शाळेत निकल-डाइम-क्वार्टर शिकवताना तो विचारायचा, क्वार्टर म्हणजे पाव हे कळलं, डाइम म्हणजे काय? आज त्याला उत्तर देते.

कृष्णाकाठ

सरदेशमुखीचा विषय कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. तीही शेकडा दहाच. चौथाई पाव हिस्सा आणि तिच्यावर सरदेशमुखी. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. म्हणजे दहावा हिस्सा आपल्याही इतिहासात आहेच की.

वेताळटेकडी

आहे, आणि आठवण करून दिलीत ते बरं केलंत. आकडा एक असला तरी हक्काचं कारण अगदी वेगळं, हे मात्र ठळकपणे मांडायला हवं. सरदेशमुखी मागितली ती देशमुखांचा मुख्य म्हणून, वतन म्हणून. त्यामागे देवाची आज्ञा नव्हती, आणि ती ठरायची सरकारी महसुलावर. इंग्लंडचा दशमांश थेट पेंढीवर होता. दहाचा आकडा जगभर येतो कारण बोटं दहा, मोजायला सोपा. त्यावरून एक पद्धत दुसरीकडून आली असं ठरवू नये.

मळ्यातली_वाट

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. मराठी बायबलमध्ये याला 'दशमांश' म्हणतात आणि आमच्या मंडळीत हा शब्द रोजच्या वापरातला आहे. मलाखीच्या पुस्तकातलं वचन, दशमांश भांडारात आणा, हे लहानपणापासून ऐकलेलं. कुणी मोजायला येत नाही. आई पगारातून आधी पाकीट बाजूला काढायची, मग किराणा. कापणीच्या सणाला लोक बाजरी, कोंबडी, भोपळे घेऊन येतात, त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात.

लेखात दशमांशाची फक्त जबरदस्तीची बाजू आली असं वाटलं, म्हणून लिहिते. त्याची वाटणी कशी व्हावी याचे जुने नियम होते ना? गरिबांचा वाटा असायचा.

वेताळटेकडी

होता, आणि तो सांगायलाच हवा. १०१४ च्या राजा एथेलरेडच्या कायद्यात दशमांशाचे तीन भाग सांगितले आहेत : एक चर्चच्या दुरुस्तीला, एक देवाच्या सेवकांना, एक गरिबांना. लोकांनी शतकानुशतकं हा हिस्सा दिला, त्यामागे भीतीइतकीच श्रद्धाही होती. तुमच्या आईंच्या पाकिटाचा तुम्ही लिहिलेला भाग या धाग्यात असणं मला महत्त्वाचं वाटतं.

चीड येते ती श्रद्धेशिवायच्या वसुलीची. क्वेकर पंथाच्या लोकांनी १७व्या शतकात दशमांश द्यायला साफ नकार दिला, कारण ते चर्चचे सभासदच नव्हते. तुरुंगात गेले, घरातली भांडीकुंडी आणि गुरं जप्तीत गेली, तरी दिला नाही. आयर्लंडमध्ये तर बहुसंख्य शेतकरी कॅथलिक, आणि दशमांश जायचा प्रोटेस्टंट चर्चकडे. म्हणजे स्वतःच्या धर्मगुरूला वेगळं द्यायचं आणि परक्यालाही. १८३१ मध्ये उघड नकार सुरू झाला, त्याला 'टाइद वॉर' म्हणतात. जप्तीची जनावरं लिलावाला आणली तर बोली लावायला कुणी पुढे येत नसे. डिसेंबर १८३१ मध्ये कॅरिकशॉकला जमावाने नोटीस बजावणाऱ्याला आणि पोलिसांना ठार केलं. डिसेंबर १८३४ मध्ये कॉर्क परगण्यात रॅथकॉर्मकजवळ एका विधवेच्या थकलेल्या दशमांशासाठी सैन्य गेलं आणि गोळीबारात अनेक गावकरी मेले. रक्कम चाळीस शिलिंग. १८३८ मध्ये कायदा बदलून बोजा एक चतुर्थांश कमी केला आणि तो जमीनदारावर टाकला. जमीनदाराने तो खंडात मिसळला.

मांडवीकर

पोर्तुगीजमध्ये हाच शब्द 'दीझिमु', त्याच डेसिमापासून. पोर्तुगालच्या राजाकडे 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या धार्मिक-लष्करी संघाचं प्रमुखपद होतं, त्यामुळे समुद्रापलीकडच्या मुलखातला दशमांश चर्चऐवजी राजा गोळा करी आणि त्याच्या बदल्यात चर्च व पाद्रींचा खर्च चालवी. चर्चचं पालकत्व राजाकडे देणाऱ्या 'पाद्रुआदु' व्यवस्थेचा हा पाया, आणि गोवा तिच्याखालीच होता.

एक_वकील

शेवट कसा झाला ते कायद्याच्या बाजूने सांगतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३६ च्या कायद्याने धान्य देणं थांबवून पैसे ठरवले. रक्कम गहू, बार्ली आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर दरवर्षी बदलायची. हिशोबासाठी कोणती जमीन कुणाची आणि तीत काय पिकतं हे कळायला हवं, म्हणून अकरा हजारांहून जास्त नकाशे आणि त्यांच्याबरोबरच्या याद्या तयार झाल्या. १९३०च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले आणि पूर्व इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी पुन्हा नकार दिला, पुन्हा जप्त्या आल्या. १९३६ च्या कायद्याने दशमांश संपवून त्याऐवजी साठ वर्षांचे हप्ते बांधले. तेही १९७७ मध्ये आधीच बंद केले.

पण एक शेपूट राहिलं. मोठा दशमांश ज्याच्याकडे, त्याच्यावर चर्चच्या वेदीकडच्या भागाच्या दुरुस्तीची जबाबदारी असे. काही ठिकाणी दशमांशाच्या बदल्यात जमीन दिली गेली, आणि जबाबदारी त्या जमिनीला चिकटली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका दांपत्याकडे अशी जमीन होती. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, आणि शेवटी दुरुस्तीचा आकडा पावणेदोन लाख पौंडांच्या वर गेला. या निकालानंतर तिकडे घर घेणारे या जबाबदारीची चौकशी करू लागले. ऑक्टोबर २०१३ पर्यंत ती नोंदवली नसेल तर त्यानंतर जमीन विकत घेणाऱ्यावर सहसा ती येत नाही.

शिवारातली_सई

वकीलसाहेब, विकलेल्या हक्काबरोबर कर्तव्यही जातं हे न्यायालयाने मानलं ते मला पटतं, पण इतक्या शतकांनंतर ते अशा माणसांच्या डोक्यावर यावं ज्यांनी एक पेंढीही घेतली नाही, हे पटत नाही.

पुस्तकवेडा

इंग्लंडमध्ये फिरताना 'टाइद बार्न' म्हणून प्रचंड दगडी कोठारं दाखवतात. ती सगळी दशमांशाचीच का? आणि ते नकाशे कुठे पाहायला मिळतात? माझी बहीण तिकडे खेड्यात राहते, तिच्या गावाचा शोधायचा आहे.

वेताळटेकडी

सगळी नाहीत. ग्रेट कॉक्सवेलचं कोठार ब्यूलीच्या मठाच्या स्वतःच्या शेतीचं होतं, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं शाफ्ट्सबरीच्या मठाच्या जमिनीचं. मठाचं धान्य साठवायचं कोठार दिसलं की लोक त्याला सरसकट टाइद बार्न म्हणू लागले. तरी जमलं तर पाहाच. आतल्या लाकडी तुळयांची रचना डोळे भरून बघण्यासारखी आहे.

नकाशाच्या तीन प्रती होत असत : एक लंडनच्या दशमांश आयुक्तांकडे, एक बिशपच्या कचेरीत, एक गावात. आयुक्तांकडची प्रत आता क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, बाकीच्या बऱ्याच परगण्यांच्या अभिलेखागारांत मिळतात. बहिणीला जुन्या पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचं, नाव शोधायला सांगा, आजच्या गावाचं नाव वेगळं असू शकतं. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. सोबतच्या यादीत त्या क्रमांकापुढे मालक, कसणारा, शेताचं नाव, क्षेत्रफळ, पीक आणि ठरलेली रक्कम लिहिलेली असते. यादी घेतल्याशिवाय नुसता नकाशा मागवू नका.